विषाणूची वंशावळ आणि नान्नजचा माळ

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला लागले म्हणजे सुमारे वीस किलोमीटरवर नान्नज हे गाव येते, आणि माळढोक पक्ष्याच्या रक्षणासाठी १९७९ मध्ये ज्याला अभयारण्याचा दर्जा देण्यात आला तो गवताळ माळ याच गावाच्या शिवारापासून पसरत जातो. अभयारण्य म्हटले की घनदाट झाडीचा आणि मनुष्यवस्तीपासून तुटलेला प्रदेश डोळ्यांपुढे येतो. परंतु या अभयारण्याची मूळ हद्द सोलापूर आणि तत्कालीन अहमदनगर या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर एवढी विस्तृत होती, आणि तिच्यात ज्वारीची शेते, वाड्यावस्त्या, धनगरांचे मेंढवाडे आणि नांदती गावेही सामावलेली होती. साहजिकच, ज्या माळावर लांडगा आणि खोकड रात्री हिंडतात, त्याच माळावर वस्तीवरचा राखणीचा कुत्रा आणि गावचा बेवारस कुत्राही हिंडतो. आणि जिथे या कुत्र्याची विष्ठा पडते, तिथेच काही प्रहरांनी वन्य प्राण्याचे नाक हुंगत येते.

या सहवासातून कोणते रोग कोठवर पसरले आहेत, याचा शोध अनिरुद्ध बेलसरे, अबी तमीम वनक आणि मॅथ्यू गॉम्पर या संशोधकांनी घेतला, आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने सोलापूरच्या या माळाला श्वानरोगांच्या शास्त्रीय वाङ्मयात कायमचे स्थान मिळवून दिले. त्या निबंधाचा निष्कर्ष काय, तो सामान्य वाचकाने का जाणून घ्यावा, आणि त्याच्या पुढचा टप्पा असलेले विषाणूंचे जनुकीय वर्गीकरण म्हणजे काय, हे सांगण्यापूर्वी ज्या रोगाविषयी हे सारे चालले आहे त्याची ओळख करून घेणे अवश्य आहे.

ज्यांनी घरी कुत्र्याचे पिल्लू वाढवले आहे, त्यांना ‘पार्व्हो’ हा शब्द बहुधा दुःखाच्या प्रसंगानेच माहीत झालेला असतो. काल संध्याकाळपर्यंत अंगणात बागडणारे दोन-तीन महिन्यांचे पिल्लू सकाळी दुधाला तोंड लावत नाही, कोपऱ्यात मान टाकून पडते, दुपारपर्यंत फेसाळ उलट्या सुरू होतात, आणि त्यानंतर जो अतिसार लागतो त्यात रक्त असते व त्याचा विशिष्ट उग्र दर्प पशुवैद्यकाच्या दवाखान्यात शिरताक्षणी ओळखू येतो. दीड महिना ते सहा महिने या वयाची पिल्ले या रोगाला विशेषेकरून बळी पडतात. उपचारांवाचून दर दहांपैकी नऊपर्यंत पिल्ले दगावू शकतात. उलट पहिल्या दिवशीच सलाईन, उलट्या थांबवणारी औषधे आणि दुय्यम जंतुसंसर्गावरील प्रतिजैविके मिळाली, तर बहुसंख्य पिल्ले वाचतात. विषाणूला ठार मारणारे खात्रीचे औषध मात्र नाही. शरीर स्वतः लढा देऊ लागेपर्यंत त्याला तगवून धरणे, एवढेच वैद्यकाच्या हाती असते.

हा विषाणू एवढा घातक का ठरतो, याचे कारण त्याच्या दारिद्र्यात आहे. त्याचा व्यास मिलिमीटरच्या चाळीस हजाराव्या भागाएवढा, आणि त्याचे सारे जनुकीय लिखाण डीएनएच्या एकेरी धाग्यावर सुमारे ५,२०० अक्षरांत आटोपलेले. स्वतःची नक्कल करण्याची यंत्रसामग्री त्याच्यापाशी नाही. म्हणून ज्या पेशी स्वतःच विभाजनात गुंतलेल्या असतात, त्यांच्यातच शिरून त्याला वाढावे लागते. वाढत्या पिल्लाच्या देहात अशा पेशी दोन ठिकाणी विपुल असतात: अस्थिमज्जेत, जिथे रक्तपेशी घडतात, आणि आतड्याच्या अस्तराच्या तळाशी, जिथून त्या अस्तराचा काही दिवसांनी नूतन पुरवठा होत असतो. विषाणू घशातील लसीकापेशींतून रक्तात आणि रक्तातून या दोन्ही ठिकाणी पोहोचतो. आतड्याचे अस्तर झिजते, पण नवे उगवत नाही. त्या उघड्या भिंतीतून आतड्यातले जंतू रक्तात उतरतात. आणि त्यांना अडवणाऱ्या पांढऱ्या पेशींचा कारखाना त्याच वेळी बंद पडलेला असतो.

तथापि रक्ताचा अतिसार झालेले प्रत्येक पिल्लू पार्व्होचेच असते, असे मानणे ही चूक होय. १९७१ मध्ये जर्मनीतील लष्करी कुत्र्यांत प्रथम आढळलेला श्वान-कोरोना विषाणू आतड्याच्या अंकुरांच्या शेंड्यांवर हल्ला करतो आणि एरवी सौम्य असतो. परंतु पार्व्होच्या जोडीला आला म्हणजे शेंडा आणि मूळ दोन्ही उद्ध्वस्त होऊन पिल्लाची आशा मावळते. अकरा तुकड्यांत विभागलेल्या आरएनएचा रोटा विषाणू कोवळ्या पिल्लांना जुलाब लावतो, आणि त्याच्या श्वानांतील काही जाती क्वचित मुलांतही सापडलेल्या असल्याने त्याच्यावर नजर ठेवणे मनुष्याच्याही हिताचे आहे. डिस्टेंपरचा विषाणू फुप्फुसे आणि मेंदू यांबरोबर आतड्यालाही सोडत नाही. यांखेरीज अ‍ॅडिनो, अ‍ॅस्ट्रो, कोबू, सर्को अशी नावे गेल्या काही दशकांत यादीत वाढत गेली आहेत. बाह्य लक्षण एकच, कारणे मात्र अनेक, आणि पुष्कळदा एकाच पिल्लात दोन-तीन कारणे एकत्र: निदानाची खरी अडचण ही आहे.

यांतील पार्व्होचा इतिहास तर अद्भुतच म्हणावा असा आहे, कारण एका नव्या विषाणूचा जन्म आणि दिग्विजय शास्त्रज्ञांच्या डोळ्यांदेखत झाल्याचे असे दुसरे उदाहरण विरळा. १९७८ पूर्वी हा रोग कोणत्याही पशुवैद्यकाच्या दप्तरी नव्हता. त्या वर्षी अमेरिका, युरोप, जपान, ऑस्ट्रेलिया अशा परस्परांपासून दूर असलेल्या भूभागांत कुत्र्यांची पिल्ले एकाएकी रक्ताच्या अतिसाराने आणि हृदयाच्या दाहाने मरू लागली. जपून ठेवलेले जुने रक्तद्रव तपासता युरोपात १९७० च्या दशकाच्या मध्यापासूनच त्याच्या खुणा आढळल्या. मांजरांच्या पॅनल्युकोपेनिया नावाच्या जुन्या रोगाच्या विषाणूशी त्याचे अगदी निकटचे नाते निघाले. कवचातील मोजक्या बदलांनी त्याला कुत्र्याच्या पेशीचे दार उघडता येऊ लागले होते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात लेलंड कार्मायकेल आणि मॅक्स अ‍ॅपेल यांनी त्यावर लस सिद्ध केली. भारतात या रोगाची शास्त्रीय नोंद १९८० च्या दशकाच्या आरंभी होऊ लागली. दरम्यान मूळ विषाणू स्वस्थ बसला नव्हता. १९७९ ते १९८१ या काळात ‘२-ए’ हा उपप्रकार उदयास येऊन त्याने मूळ जातीला निसर्गातून हद्दपार केले. १९८४ च्या सुमारास ‘२-बी’ दिसला. आणि २००० मध्ये इटलीत ‘२-सी’ ओळखला गेला. भारतात हे तिन्ही उपप्रकार नोंदले गेले आहेत.

हे उपप्रकार ओळखायचे कसे, हा या विषयाचा सर्वांत रमणीय भाग आहे. आरंभीच्या काळात विष्ठेचा द्राव इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत, किंवा डुकराच्या तांबड्या रक्तपेशी चार अंश तपमानात त्या द्रावाच्या संपर्कात आणून त्या एकमेकींना चिकटतात की नाही ते तपासत. आज बहुतेक दवाखान्यांत पट्टीची चाचणी होते: विष्ठेत बुडवलेल्या बोळ्याचा द्राव पट्टीवर सोडला की दहा-पंधरा मिनिटांत रेष उमटते. ही पट्टी उपयुक्त आहे, परंतु सर्वज्ञ नव्हे. विषाणू अल्प प्रमाणात असेल, किंवा रोग काही दिवस जुना होऊन प्रतिपिंडांनी विषाणूला वेढले असेल, तर रेष उमटत नाही आणि आजारी पिल्लू निरोगी ठरते. शिवाय विषाणू कोणत्या उपप्रकाराचा, हे ती मुळीच सांगत नाही.

ते सांगण्याची पात्रता पीसीआर या पद्धतीत आहे, जिच्याकरिता कॅरी मुलिस यांना १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पिल्लाच्या गुदद्वारातून घेतलेला बोळा क्षारद्रावात बुडवून बर्फावर प्रयोगशाळेत येतो. त्यातून डीएनए वेगळा काढला जातो. आणि ज्यांची अक्षरे विषाणूच्या विवक्षित भागाशी तंतोतंत जुळतात असे दोन लहान धागे, नक्कल करणारे एक विकर आणि अक्षरांचा पुरवठा एवढ्या सामग्रीनिशी ती नळी यंत्रात ठेवली जाते. यंत्र तिला सुमारे ९५ अंशांपर्यंत तापवून जोडले गेलेले धागे सुटे करते, ५०-५५ अंशांपर्यंत निववून लहान धागे योग्य जागी बसू देते, आणि ७२ अंशांवर नक्कल पुरी करते. प्रत्येक आवर्तनात प्रती दुप्पट होतात, म्हणजे तीस आवर्तनांअखेर एका प्रतीच्या, तत्त्वतः, १०७ कोटींहून अधिक प्रती होतात. विषाणू मुळात नसेल तर काहीच वाढत नाही; असेल तर जेलच्या पातळ वडीत विद्युत्प्रवाह सोडला असता ठरावीक जागी तेजस्वी पट्टा उमटतो. कोरोना, रोटा किंवा डिस्टेंपर यांचे लिखाण आरएनएत असल्यामुळे त्यांच्यासाठी आधी आरएनएवरून डीएनए उतरवून घ्यावा लागतो. अनेक विषाणूंचे लहान धागे एकाच नळीत घालून एका नमुन्यात कोण कोण हजर आहे याची एकत्र हजेरी घेण्याची सोयही आता रूढ झाली आहे.

पुढचे पाऊल वर्गीकरणाचे. पार्व्होचे कवच मुख्यतः व्हीपी-२ नावाच्या प्रथिनाचे असते. त्यात ५८४ अमिनो आम्लांची साखळी असून तिच्या ४२६ व्या जागी काय आहे, यावर उपप्रकाराचे नाव ठरते. जनुकात त्या जागी ए-ए-टी ही तीन अक्षरे असतील तर अ‍ॅस्परॅजिन बसते आणि विषाणू मूळचा किंवा ‘२-ए’ असतो. पहिले अक्षर बदलून जी-ए-टी झाले की अ‍ॅस्पार्टिक आम्ल येऊन तो ‘२-बी’ होतो. आणि त्यातले शेवटचे अक्षरही बदलून जी-ए-ए झाले की ग्लुटामिक आम्ल येऊन तो ‘२-सी’ ठरतो. हा फरक पाहण्याची एक सुबक युक्ती अशी की, या भागाचा ५८३ अक्षरांचा तुकडा पीसीआरने वाढवून त्यावर एमबीओ-२ हे कातरणारे विकर सोडायचे. ‘२-सी’ असेल तर त्या बदललेल्या अक्षरापाशीच त्याला छेद मिळून ५०० आणि ८३ अक्षरांचे दोन तुकडे पडतात, आणि इतर उपप्रकारांचा तुकडा अखंड राहतो. अधिक खात्रीसाठी, फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ मध्ये दिलेल्या पद्धतीने वा तिच्याहून नव्या यंत्रांनी, सबंध जनुकच अक्षरशः वाचून काढतात आणि इतर ठिकाणच्या वाचनांशी त्याची तुलना करून वंशवृक्ष मांडतात. तलाठ्याच्या दप्तरातील फेरफारांच्या नोंदी ओळीने वाचल्या म्हणजे जमीन कोणाकडून कोणाकडे गेली ते जसे उलगडते, तसे एकापाठोपाठ एक साठत गेलेल्या या अक्षरबदलांवरून विषाणू कोणत्या घराण्यातला आणि कोणत्या दिशेने आला, हे उलगडते.

एवढ्या खटाटोपाचा व्यवहारात उपयोग काय, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो योग्यच आहे. कारण पिल्लाला सलाईन द्यायचे ते उपप्रकार कोणताही असला तरी द्यावेच लागते. उपयोग रुग्णाच्या खाटेपाशी कमी आणि समाजाच्या पातळीवर अधिक आहे. लस टोचल्यानंतर आठवड्याभरात पिल्लू आजारी पडले की मालक लसीला दोष देतो, आणि शेजारी आपापल्या पिल्लांना लस टोचण्याचे लांबवतात. लसीतील क्षीण केलेला जिवंत विषाणूही काही दिवस विष्ठेतून बाहेर पडत असल्याने साध्या पीसीआरने या वादाचा निवाडा होत नाही. जनुकाचे वाचन मात्र हा विषाणू लसीतला की रानातला, ते निःसंदिग्ध सांगते, आणि पुष्कळदा असे निघते की पिल्लाला संसर्ग लसीच्या आधीच झालेला होता. दुसरे असे की, बहुतेक लसींतील विषाणू मूळच्या जातीचा किंवा जुन्या उपप्रकाराचा असतो. तो नव्या उपप्रकारांविरुद्धही पुष्कळ संरक्षण देतो, हा अनुभव आहे. परंतु विषाणूचा अक्षरबदलाचा वेग आरएनए विषाणूंच्या वेगाच्या जवळपास जाणारा असल्यामुळे हा अनुभव गृहीत धरून न चालता वरचेवर पडताळून पाहणे प्राप्त आहे. मुंबईत परळ येथे १८८६ पासून चालू असलेले पशुवैद्यकीय महाविद्यालय, शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय, पुण्यात औंध येथील रोग अन्वेषण विभाग अशा संस्था राज्यात असताना सोलापूरसारख्या जिल्ह्यातील नमुने त्यांच्यापर्यंत नियमाने पोहोचणे ही अशक्य कोटीतील गोष्ट नव्हे.

आता नान्नजच्या अभ्यासाकडे वळू. बेलसरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभयारण्यात आणि भोवतालच्या परिसरात मोकळे हिंडणारे २१९ कुत्रे आणि ३३ खोकड यांची तपासणी केली. आणि पार्व्हो, डिस्टेंपर व अ‍ॅडिनो या तीन विषाणूंविरुद्धची प्रतिपिंडे त्यांच्या शरीरात आहेत की नाहीत, ते पाहिले. विष्ठेतील जनुक ‘आज येथे कोण आहे’ हे सांगते, तर रक्तातील प्रतिपिंड ‘पूर्वी येथून कोण जाऊन गेले’ हे सांगते. या दोन साक्षींत गल्लत होऊ देता कामा नये. कुत्र्यांपैकी ९३ टक्के आणि खोकडांपैकी ८७ टक्के प्राण्यांना यांपैकी एका तरी विषाणूचा संसर्ग होऊन गेलेला होता. कुत्र्यांत पार्व्होचे प्रमाण ८८ टक्क्यांहून अधिक, डिस्टेंपरचे ७२ टक्क्यांहून अधिक आणि अ‍ॅडिनोचे ७१ टक्के होते. खोकडांत हेच प्रमाण अनुक्रमे ४८, १८ आणि ५२ टक्के निघाले. पिल्लांपेक्षा प्रौढ कुत्र्यांत प्रतिपिंडांचे प्रमाण लक्षणीय रीतीने जास्त होते, आणि लस न टोचलेल्या काही कुत्र्यांत ती अभ्यास चालू असतानाच नव्याने उत्पन्न झाली. म्हणजे रोग बाहेरून साथीच्या रूपाने येऊन जात नव्हता, तर त्या मुलखात कायम ठाण मांडून होता. डिस्टेंपरचा चालू संसर्ग ज्यांच्या रक्तात दिसला, त्या खोकडांत मृत्यूचे प्रमाण मोठे होते.

या आकड्यांवरून सहज सुचणारा उपाय म्हणजे माळावरचे सगळे कुत्रे धरून लस टोचणे; आणि संशोधकांनी काढलेला निष्कर्ष नेमका याच्या विरुद्ध आहे. बहुतेक प्रौढ कुत्रे त्या रोगातून पार पडून आधीच सुरक्षित झालेले आहेत. विषाणूचा संसार चालू ठेवण्यात त्यांचा वाटा नगण्य आहे. त्यांना लस दिल्याने सामूहिक प्रतिकारशक्तीत फारशी भर पडणार नाही. यातून ओघाने येणारा विचार असा की, विषाणूला जगवणारे इंधन म्हणजे जन्मणारी नवी पिल्ले होत. जे पिल्लू आईच्या दुधातून मिळालेल्या संरक्षणातून बाहेर पडले आहे आणि ज्याला स्वतःचे संरक्षण अजून लाभलेले नाही, त्याच्याच देहात हा रोग एका पिढीतून दुसरीत जातो. म्हणून कुत्र्यांच्या संख्येचे नियमन आणि पिल्लांचे वेळेवर लसीकरण, हे प्रौढ कुत्र्यांच्या सरसकट लसीकरणापेक्षा अधिक मुळाशी जाणारे उपाय ठरतात. मोजमाप केले नसते, तर सद्‍हेतूने पण चुकीच्या ठिकाणी पैसा खर्ची पडला असता.

वन्य प्राण्यांच्या बाबतीत ही बेफिकिरी किती महाग पडू शकते, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. १९९४ मध्ये आफ्रिकेतील सेरेंगेटीत डिस्टेंपरने सुमारे एक तृतीयांश सिंह मृत्युमुखी पडले. २०१८ मध्ये गुजरातेतील गीरच्या अरण्यात वीसहून अधिक सिंह मेले, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, १९५२ मध्ये स्थापन झालेल्या आणि मनुष्याच्या रोगांसाठी ख्याती पावलेल्या त्या संस्थेने, नमुन्यांतून डिस्टेंपरचा विषाणू हुडकून काढला आणि त्याचे जनुकीय लिखाण वाचले. निदान नक्की झाल्यामुळेच उरलेल्या सिंहांना कोणती लस द्यायची, हे ठरवता आले. नान्नजच्या माळावर सिंह नाहीत, पण लांडगा आहे, खोकड आहे, आणि त्यांची संख्या एखाद्या मोठ्या साथीचा धक्का सोसण्याइतकी विपुल नाही. प्रतिपिंडांच्या अभ्यासाने कुत्रे आणि खोकड यांना एकाच प्रकारचे विषाणू भेटतात, हे सिद्ध केले; ते एकाच घराण्याचे आहेत काय, आणि कोणाकडून कोणाकडे जातात, हे केवळ जनुकीय वर्गीकरणच सांगू शकते. म्हणून दवाखान्यांत येणाऱ्या पिल्लांचे आणि माळावर मृत सापडणाऱ्या वन्य प्राण्यांचे नमुने एकाच नोंदवहीत, गाव, तालुका, वय आणि लसीचा तपशील यांसह दाखल होतील, अशी तजवीज पशुसंवर्धन आणि वन या दोन खात्यांनी मिळून केली पाहिजे.

खात्यांचे काम खात्यांनी करावे. पण जे काम घराघरांत व्हावयाचे आहे, ते कोणत्याही हुकुमाची वाट पाहत नाही. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की पहिली लस टोचावी, आणि आईकडून मिळालेली प्रतिपिंडे लसीला निष्प्रभ करू शकतात म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी ती पुन्हा टोचत सोळा आठवड्यांपर्यंत न्यावी; एका टोचणीवर थांबणे म्हणजे निम्म्या वाटेवर सोडणे होय. लसीकरण पुरे होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर फिरवू नये. ज्या जागी पार्व्होचे पिल्लू मेले, ती जागा केवळ फिनेलने किंवा हाताला लावायच्या सॅनिटायझरने शुद्ध झाली असे समजू नये. हा विषाणू जमिनीत कित्येक महिने तग धरतो, आणि एका भागास तीस भाग पाणी घालून केलेला ब्लीचिंगचा द्राव दहा मिनिटे राहू दिल्याने तो मरतो. कुत्र्यांचा पार्व्हो माणसाला होत नाही, तेव्हा भीतीने आजारी पिल्लू रस्त्यावर सोडण्याचे काहीच कारण नाही. तसे करणे म्हणजे रोग माळापर्यंत पोहोचवणे. आणि पिल्लाला पहिली उलटी होताच दवाखाना गाठावा, विष्ठेची तपासणी करून घ्यावी, आणि पशुवैद्यकाने नमुना प्रयोगशाळेत पाठवू का, असे विचारले तर नाही म्हणू नये. त्या नमुन्याने तुमचे पिल्लू कदाचित वाचणार नाही, पण गावातली पुढची पिल्ले आणि माळावरचे खोकड वाचवण्याचे ज्ञान अशाच नमुन्यांतून मिळत असते.